नाना, तो सराव माझा होता

नाना,

तुमच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात स्टेजमागे जो फ्लेक्स लावला होता, तो तुम्ही पाहिला असता तर चप्पल पायात सरकवून तिथूनच चालू लागला असता. कोपऱ्यात तुमचा फोटो, शाळेच्या ओळखपत्रावरचा, कपाळाला आठी असलेला. आणि मागे फ्लेक्सभर कुणीतरी परदेशी खेळाडू गवतावर आडवा घसरत, बुटाचे खिळे वर करून, समोरच्याच्या घोट्यात घुसतोय. खाली लाल अक्षरांत 'लढवय्या प्रशिक्षकास भावपूर्ण आदरांजली'. छापणाऱ्याने मोबाइलवर फुटबॉल शोधलं असेल आणि पहिलं दिसलं ते उचललं असेल, त्याचं मी समजू शकते. पण तो फ्लेक्स संस्थेतल्या चार शहाण्या माणसांनी पास केला, आणि चौघांनाही त्यात काही खटकलं नाही. आयुष्यभर ज्या गोष्टीविरुद्ध तुम्ही घसा फोडलात, तीच तुमच्या डोक्यामागे छापून तुम्हाला हार घातला.

मी स्टेजवरच होते. पहिल्या रांगेतली खुर्ची मला दिली होती, कारण मी तुमची 'पट्टशिष्या'. भन्तेजींनी वंदना घेतली तोवर सगळं शांत होतं. मग माइक संस्थेच्या अध्यक्षांकडे, आपल्या आबांकडे गेला. "नाना म्हणजे आमच्या संस्थेचा कणा," आबा म्हणाले आणि त्यांनी रुमाल काढला. दोन वर्षांपूर्वी ह्याच कण्याला त्यांनी मैदानावर पाय ठेवू नका असं पत्र दिलं होतं. डोळे पुसून झाल्यावर त्यांनी जाहीर केलं की येत्या हिवाळ्यात चौदा वर्षांखालच्या मुलींसाठी 'शिरसाठ नाना स्मृती चषक' होईल, आणि यावलच्या संघाची जबाबदारी नानांच्या लाडक्या हर्षा मॅडम घेतील. टाळ्या झाल्या. माझ्या खांद्यावर शाल आली. मी हात जोडले, नाना. हसलेसुद्धा असेन.

मला किळस आली. आधी आबांची आली, मग फ्लेक्सची, मग टाळ्या वाजवणाऱ्या त्या सगळ्या पांढऱ्या शर्टांची. घरी येऊन शाल खुर्चीवर टाकली तेव्हा कळलं की सगळ्यात जास्त ती माझी स्वतःची येतेय. कारण ज्या चुकीसाठी तुम्हाला काढलं ती तुमची नव्हती, हे तिथे मला माहीत होतं, आणि माइक माझ्या हातातही दोन मिनिटं होता. मी त्यावर 'नानांची शिस्त' ह्या विषयावर बोलले.

तुम्ही पहिल्यांदा आमच्या घरी आलात ते मला मुलींच्या संघात घ्यायला. मी सातवीत. वडील बागेतून आलेले, केळीच्या पानाने अंगावर ओरखडे, आणि तोंडावर स्पष्ट लिहिलेलं की पी.टी.च्या मास्तरांनी आपलं काम करावं. तुम्ही बसलाही नाहीत. ओट्यावर उभ्या उभ्या म्हणालात, "पाटीलभाऊ, जिंकेल की नाही ते मी सांगत नाही. पोरगी हातीपायी धड घरी आणून द्यायचं माझ्याकडं लागलं." वडिलांना बहुधा ह्याच वाक्याची गरज होती. नंतर मला कळलं की तुम्ही हे प्रत्येक मुलीच्या दारात जाऊन म्हणता, आणि ते नुसतं म्हणण्यापुरतं नसतं.

पहिला महिना तुम्ही आम्हाला चेंडूवर पाय घालूच दिला नाही. संध्याकाळी सावल्या लांब झाल्या की जोड्या लावायच्या आणि समोरचीची सावली तुडवत चालायचं, तिच्या अंगाला न लागता. एक पाय पुढे, गुडघे वाकलेले, छोटी छोटी पावलं. "तिच्या डोळ्यांकडे बघू नका, डोळे फसवतात. कंबर बघा, कंबर जिकडं वळेल तिकडंच बाई जाईल." आम्ही खिदळायचो. कुणी उतावीळपणे पाय टाकला की तुमची पिंपळनेरची अहिराणी बाहेर पडायची, "घाई कसाले करस? चेंडू शे तो, चोर नही!"

मग दुसऱ्या महिन्यात चेंडू मधे ठेवून दोघींनी समोरासमोर उभं राहायचं. टेकूचा पाय चेंडूच्या बाजूला, घोटा घट्ट, पायाची आतली बाजू चेंडूच्या बरोबर मधोमध, अंगाचा भार पुढे. तीन म्हटलं की दोघींनी एकदम. पाय चेंडूच्या वर गेला तर मैदानाला एक फेरी, मागून घातला तर दहा. आणि घसरून पाय घालायचा नाही, मुळीच नाही, कारण आपलं मैदान मुरमाचं आणि आपली हाडं अजून कोवळी. घसरणारी मुलगी एकदा जमिनीवर गेली की तिचा पाय तिच्या ताब्यात राहत नाही, मग तो कुठं लागेल ते तिलाही ठाऊक नसतं, असं तुम्ही सांगायचात. प्रत्येक झटापटीनंतर समोरचीला 'लागलं का?' विचारायचं, हा नियम तर तुम्ही सामन्यातही लावलात. जळगावच्या मुली आम्हाला 'लागलं-का टीम' म्हणून चिडवायच्या. मला तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

मी तुमच्याच हाताखाली शिकून पी.टी.ची बाई झाले, त्याच शाळेत लागले, तरी तो चिडवण्याचा राग माझ्यात तसाच होता. आपलं खरं भांडण एरंडोलहून येताना बसमध्ये झालं. उपांत्य सामना एका गोलने गेला होता. आपली कोमल बचावाला होती, समोरची मुलगी तिच्या अंगावर चेंडू घेऊन आली, आणि कोमल तुमच्या शिकवणीप्रमाणे मागे सरकत, वाट बघत, कंबर बघत राहिली. मुलगी बाजूने निघून गेली.

मी म्हणाले, "नाना, तिथं पाय टाकायलाच पाहिजे होता. तुमच्या ह्या सभ्यपणानं आपण दरवर्षी हरतो."

"एक पाऊल उशीर झाला तिला. ते शिकवू."

"पाऊल नाही, धमक शिकवा! बाकीच्या टीमच्या मुली घसरून चेंडू काढतात, आणि आपल्या लग्नाला आल्यासारख्या बाजूला उभ्या राहतात."

मागच्या सीटवरच्या मुली हसल्या. तुम्ही हसला नाहीत. खिडकीबाहेर बघत म्हणालात, "हरलो तर बसमध्ये रडतील आणि यावल येईपर्यंत विसरतील. हर्षा, तुला काय शिकवायचंय ते मला कळतं. पण ते शिकवायला मऊ जमीन लागते, मोठं अंग लागतं आणि दोन वर्षं लागतात. तुझ्याकडे ह्यातलं काय आहे?"

माझ्याकडे वडिलांची बाग होती, नाना. हेच उत्तर मला बसमध्ये सुचलं आणि मी ते तुम्हाला सांगितलं नाही.

तुम्ही रविवारी मुलीकडे धुळ्याला जायचात. त्या रविवारी मी सहा मुलींना बागेत नेलं. घड उतरवून झालेलं रान, जमीन ठिबकने ओली, मऊ, आणि कापून टाकलेले केळीचे खांब जागोजाग पडलेले. मी ते उचलून मातीत उभे रोवले. मांडीएवढे जाड, पाणी भरलेले. मुलींना सांगितलं, ह्याला समोरची मुलगी समजा, लांबून पळत या आणि घसरून खाली पाय घाला. पहिला पाय लागला आणि खांब 'खच्च' करून मधोमध फुटला. नाना, तो आवाज ऐकून मुली ज्या काही ओरडल्या! कोमलच्या चेहऱ्यावर तसा आनंद मी आधी पाहिला नव्हता. मागून, बाजूने, दोन्ही पायांनी, कशाही घुसल्या तरी खांब फुटायचा आणि त्यांना काही व्हायचं नाही. मला वाटलं, काय सोपं होतं हे, उगाच म्हातारा सावल्या तुडवायला लावत होता.

खांब मोडतो म्हणून मुली त्यावर पाय मोठ्या आवडीने घालतात, आणि मोडणं म्हणजेच बरोबर, असं त्यांच्या अंगात बसतं, हे मला कळलं नाही. केळीच्या बागेत वाढलेल्या मुलीला कळायला हवं होतं की केळीच्या खांबात हाड नसतं.

पाच रविवार गेले. एका सोमवारी तुम्ही मला मैदानाच्या कडेला बोलावलंत. "मुलींच्या चड्ड्यांना मांडीपाशी चीक कसा लागलाय? सगळ्यांच्या एकाच बाजूला?" केळीचा चीक धुतला तरी जात नाही, तांबडा डाग राहतो. मी म्हणाले, आयांबरोबर घड उतरवायला जातात, खांद्याला मांडीला लागतो. तुम्ही माझ्याकडे नुसतं पाहिलंत, थोडं जास्त वेळ, आणि 'बरं' म्हणालात. तेव्हा तरी तुम्ही माझी कानउघाडणी करायला हवी होती. ह्या एका गोष्टीसाठी मी आजही तुमच्यावर चिडलेली आहे. तुम्ही सभ्य होतात, पण त्या दिवशी तुमचा सभ्यपणा चुकला, नाना, आणि हे भांडण आता मी कुणाशी करू?

पुढच्याच आठवड्यात धुळ्याचा सामना होता. समोर पिंपळनेरकडच्या मुलींचा संघ, त्यांची ती रोशनी, बारीक, चपळ, डाव्या बाजूने सुटायची. दुसऱ्या अर्ध्यात ती कोमलला ओलांडून गेली. ह्यावेळी कोमल थांबली नाही. ती मागून पळत गेली आणि घसरली, दोन्ही पाय पुढे, अगदी जसं मी शिकवलं होतं तसं, फक्त खाली ओली माती नव्हती. खांब फुटतो तो आवाज ओला असतो. रोशनीच्या नडगीचा आवाज कोरडा होता, आणि तो मला प्रेक्षकांच्या बाजूने, इतक्या लांबून ऐकू आला. कोमल तिथेच बसून दोन्ही हातांनी कान झाकून 'लागलं का, लागलं का' म्हणत होती. आमच्याच शाळेचे दोन पालक मागून ओरडले, "वा कोमल!" त्यांना वाटलं, चेंडू निघाला.

ते दोन पालक परवा तुमच्या कार्यक्रमात पुढून तिसऱ्या रांगेत होते.

संस्थेने चौकशी लावली. स्टाफरूममध्ये टेबलामागे आबा आणि दोघं, इकडे तुम्ही आणि मी. आबांनी विचारलं, पोरीला असं खेळायला शिकवलं कुणी? मी तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं, निदान मी स्वतःला असं सांगत आलेय. तुम्ही आधी बोललात.

"माझ्याच सरावात शिकली. केळीच्या खांबांवर."

म्हणजे तुम्हाला सगळं माहीत होतं. चीक पाहिला तेव्हाच तुम्ही ओळखलं होतं. ज्या माणसाने आम्हाला पंचांशीसुद्धा खोटं बोलू दिलं नाही, तो चार माणसांसमोर शांतपणे खोटं बोलला, आणि मी उघडलेलं तोंड मिटलं. मी नवी लागलेली, माझी नोकरी अजून कायम व्हायची, तुमचं निवृत्तीला थोडंच राहिलेलं. हा हिशेब तुम्ही केलात हे मला समजलं. मी तो मान्य केला हे मात्र मला आजही पचत नाही.

बाहेर फाटकापाशी मी रडायला लागले तर तुम्ही वैतागलात. "रडू नको. रोशनीकडं जाऊन ये. मी जाईन, पण मनं जानं काही कामनं नही. तू जाय." माझ्याकडून तुम्ही एवढं एकच मागितलंत. मी हो म्हणाले.

मग परीक्षा आल्या, मग भावाचं लग्न आलं, मग पिंपळनेरला इथून दोन एसट्या बदलाव्या लागतात हे आलं. तुम्ही फोन केलात की आधी एकच विचारायचात, "जाई उनी का?" आणि मी 'पुढच्या आठवड्यात' म्हणायचे. असं कितीदा झालं ते मी मोजलं नाही. मग तुम्ही विचारणं बंद केलंत, आणि आपण हवापाण्याच्या, मुलींच्या निकालाच्या गप्पा मारू लागलो. तुम्ही विचारत नाही म्हणून मला हलकं वाटायचं. आता त्या हलकं वाटण्याचीच शिसारी येते.

कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी मी आबांच्या घरी गेले. चहा यायच्या आत सगळं सांगून टाकलं: बाग, रविवार, खांब, नानांचं खोटं. मला वाटलं होतं ते उठून उभे राहतील, ओरडतील, माझी नोकरी जाईल. आबांनी बशीत चहा ओतला आणि फुंकर मारली.

"जाऊ द्या हो मॅडम. झालं ते झालं. आता नाना गेले, त्यांना काय फरक पडतो? उलट आता त्यांचं चांगलंच नाव निघतंय. फ्लेक्स बघितला ना, कसा झकास आलाय?"

"आबा, त्या पत्रात तुम्ही त्यांना बेजबाबदार म्हटलंय."

"ते पत्र कुठं कोण वाचतंय आता. तुम्ही टीमचं बघा. आणि ह्या वेळी जरा आक्रमक खेळवा पोरींना."

इतक्या सहज माफी मिळाली की ओकारी यावी. मी सांगितलं की मुली स्मृती चषकाला जाणार नाहीत, आणि नानांना दिलेलं पत्र संस्था लेखी मागे घेईपर्यंत मी त्यांच्या नावाच्या कुठल्याच मैदानावर उभी राहणार नाही. आबा हसले, म्हणाले, मॅडम भावनेच्या भरात आहेत. माझा चहा तसाच राहिला.

मग पुढच्या सकाळी मी धुळ्याची एसटी पकडली. दोन वर्षांत जे जमलं नाही ते एका सकाळीत जमलं, म्हणजे ते कधीच अवघड नव्हतं. धुळ्याला आणि साक्रीला बदलून दुपारी पिंपळनेर. रोशनीचे वडील सुकदेवभाऊ गवंडीकाम करतात, घर विचारत विचारत सापडलं. रोशनी ओसरीत अकरावीचं पुस्तक घेऊन बसली होती. उठताना तिने आधी भिंतीला हात लावला, मग पाय टेकला.

सुकदेवभाऊ बाहेर आले. "कोन शेतस तुम्ही?"

मी यावलची म्हणाले, तर त्यांचा चेहरा दगड झाला. मी थांबले असते तर पुन्हा कधी बोललेच नसते, म्हणून उंबऱ्याबाहेरच उभ्या उभ्या सांगितलं. की तो सराव नानांचा नव्हता, माझा होता. नानांनी मना केलेलं मी त्यांच्या माघारी शिकवलं. कोमलने मी सांगितलं तेच केलं. नानांनी माझ्यासाठी ते अंगावर घेतलं, आणि परवा आम्ही त्यांचं पुण्यानुमोदन केलं.

रोशनीने पुस्तक मिटलं आणि विचारलं, "ती कोमल खेळते का अजून?"

"नाही. तिनेही सोडलं."

"तिला सांगा, रोज नाही दुखत. थंडीतच ठणकतं."

सुकदेवभाऊ तिथेच ओट्यावर खाली बसले. माझ्याकडे न बघता, हातांकडे बघत बोलले. "तो मानूस तीन येळा उना आठे. भर दुपारना उनमा. मी त्याले दारमा उभा ऱ्हावू दिधा नही. पोरना पाय मोडनारा म्हनी शिव्या दिध्यात, आख्खा गल्लीनी ऐकं. तो काहीच नही बोलना. परत जातांना पानी मांगं त्यानी, तेबी नही दिधं." मग त्यांनी मान वर केली. "बाई, आते मी हाई कोनले सांगू?"

नाना, मला एवढे दिवस वाटत होतं की मी गप्प बसले त्याची शिक्षा फक्त तुम्ही भोगली आणि थोडी मी. ह्या भल्या माणसाच्या हातूनही मी एक पाप करवून घेतलं होतं, आणि आता ते त्याला फेडता येणार नव्हतं. मी निघायला वळले.

"थांबा," ते म्हणाले. आत गेले. माठावरचं झाकण काढल्याचा आवाज आला. पितळी तांब्या घेऊन बाहेर आले आणि तो माझ्यासमोर धरला.

तुम्हाला नाकारलेलं ते पाणी मी प्यायले, नाना. सगळं प्यायले.

तुमची,
हर्षा